अडतीतले गॉगल

१४ एप्रिल १९८३, गुढीपाडवा

आज अडतीच्या पुढच्या निम्म्या जागेत गॉगलचं दुकान मांडलं. निम्मी जागा मिळाली ती दुष्काळाच्या कृपेनं. एरवी या दिवसांत लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोत्यांमधून वाट काढत चालावं लागतं. यंदा माल नाही, हमाल नाहीत, अप्पांच्या तराजूवर चिमण्या बसतात. बी.कॉम. झाल्यापासून मी त्या तराजूशेजारीच बसून आहे. पण लातूर आता जिल्हा झालंय. रोज नवी जीप दिसते, नवा साहेब दिसतो, पाण्याचे टँकर तर दिवसभर चालू. आणि सगळ्यांच्या डोळ्यांत ऊन आणि फुफाटा. मला वाटलं, धंदा असेल तर इथंच आहे.

हैदराबादच्या एका फिरत्या व्यापाऱ्याकडून माल उचलला. काचा काळ्याभोर, फ्रेमा सोनेरी. अव्वानं गुढीची साखरेची गाठी काढून गॉगलच्या खोक्याला बांधली. अप्पांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "ज्वारी दिसंना झाली म्हणून लोकांचे डोळेच झाकायला निघालास व्हय."

एवढं बोलून ते टोपी घालून बाहेर पडले ते जेवायलाही उशिरा आले. या वयात उन्हात कुठं हिंडतात कोण जाणे.

पहिलं गिऱ्हाईक टँकरवरचा ड्रायव्हर शेषेराव. मूळचा हदगावचा, मिशा अशा की आरशात आधी त्याच दिसतात. सगळ्यात काळा गॉगल मागितला. टँकरच्या अड्ड्यावर कुण्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं दुकानाचं नाव सांगितलं म्हणे. लातुरात बातमी पसरायला वेळ लागत नाही.

२० एप्रिल

आरशासमोर गर्दी आहे. कॉलेजची पोरं येतात, दहा घालून बघतात, एक घेतात. लग्नसराईमुळं नवरदेव येतात. एका नवरदेवानं गॉगल घातला तो काढलाच नाही, तसाच वरातीच्या घोड्याची चौकशी करायला गेला. टँकरवाले तर रोज एक-दोन येतातच.

एक गोष्ट इथंच लिहितो. मी स्वतः अजून एकदाही गॉगल घातलेला नाही. लाज वाटते. गंजात सगळे मला शंकरप्पा अडत्याचा पोरगा म्हणून ओळखतात. त्या पोरानं काळा चष्मा घालून फिरायचं म्हणजे जरा अवघडच. गिऱ्हाइकाला मात्र मी छातीठोकपणे सांगतो, "घाला, हीरो दिसाल."

२६ एप्रिल

आज गॉगलचा धंदा अंगाशी आला.

दुपारी शेषेराव आला. गॉगल काढून हळूच गल्ल्यावर ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, आठ दिवसांपासून डोकं दुखायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. त्याला वाटलं उन्हानं. काल रेणापूरच्या रस्त्यावर समोरून बैलगाडी आली. गाडी कडेला आहे असं त्याला काचेतून दिसलं आणि निघाली जवळ. सरळ रस्ता वाकडा दिसत होता. त्यानं स्टिअरिंग फिरवलं, टँकरचं चाक नालीत गेलं, झाकण उघडलं. माणसं, बैल सगळे वाचले. पाणी मात्र वाहून गेलं. गावच्या बाया घागरी घेऊन धावत आल्या आणि नालीतलं पाणी वाटीवाटीनं भरू लागल्या.

"मी काई तुमाला दोष द्यायला आलो न्हाई शेठ," तो म्हणाला. "पर त्या बाया वाटीनं पाणी भरताना बघितल्या, अन् म्हणलं हे तुमालाबी कळलं पायजे."

अप्पा मागं तराजूपाशी होते. सगळं ऐकलं. शेषेराव गेल्यावर त्यांनी तो गॉगल उचलून तराजूच्या पारड्यात ठेवला. मग म्हणाले, "आपल्या अडतीत मापात खोट चालती का? मग नजरंत कशी चालंल?"

नांदेडला त्यांच्या ओळखीचे चष्मेवाले आहेत, गुरुपादप्पा. अप्पांचा वाचायचा चष्मा त्यांनीच केलेला. म्हणाले, जा, माझं नाव सांग, शिकून ये. आणि धुतलेला सदरा घालून जा. सदऱ्याचं का सांगितलं ते कळलं नाही. मी रोज धुतलेलाच घालतो.

२८ एप्रिल, नांदेड

एस.टी.नं अहमदपूर, लोहा करत आलो. रस्ताभर झाडाला पान नाही. वजिराबादेत दुकान सापडलं. गुरुपादप्पा शांत, गोरे, कपाळाला विभूती. मी हात जोडून शरणार्थ केला, अप्पांचं नाव सांगितलं. ते एकदम उठून उभे राहिले, माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं आणि हाक मारली, "शिवगंगा, लातूरचे आलेत गं."

शिवगंगा त्यांची मुलगी. बी.एस्सी. झाली आहे आणि दुकान खरं तीच चालवते. मी बरोबर नेलेला गॉगल दाखवला. तिनं तो हातभर लांब धरला आणि काचेतून खिडकीच्या गजांकडं बघत हळूहळू डावी-उजवीकडं हलवला. मग मला बघायला दिला. सरळ गज काचेत गांडुळासारखे वळवळत होते. म्हणाली, "चांगल्या काचेत गज हलत नाहीत. तुमच्या ड्रायव्हरचा रस्ता असाच हलला."

मी म्हणालो, पण काच तर एवढी काळी आहे. त्यावर तिनं मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. काळी असली म्हणजे चांगली असं नसतं. अंधार दिसला की डोळ्याची बाहुली मोठी होते. काचेनं उन्हातले अतिनील किरण अडवले नाहीत, तर उघड्या बाहुलीतून ते जास्तच आत जातात. असा गॉगल घालण्यापेक्षा न घातलेला बरा.

गाडी चालवणाऱ्याला तपकिरी किंवा करडी काच द्यायची. लाल एस.टी. काचेतूनही लालच दिसली पाहिजे. पोलरॉइडची काच असेल तर रस्त्यावरची चमक मरते. पण सूर्य मावळला की गॉगल खिशात. खेळणाऱ्याला काच द्यायचीच नाही, फुटली तर डोळा जाईल. त्याला न फुटणारं प्लॅस्टिक, कडेनं वळलेलं, मागं पट्टा. रोज वापरायचा असेल तर आधी वजन बघायचं. नाकावर वळ उठतो का, कानामागं काडी रुतते का, मान खाली घातल्यावर घसरतो का. हीरो दिसतो का, हे सगळ्यात शेवटी.

मग विचारलं, "तुम्ही स्वतः एक दुपारभर तरी घातलाय का हा?"

मी नाही म्हणालो. ती हसली नाही, हे तर आणखीच वाईट.

ही मुलगी मला अजिबात आवडली नाही. बोलताना समोरच्याचा मुलाहिजा ठेवत नाही. हिरवी सुती साडी, डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि काच पुसताना खालचा ओठ दाताखाली धरते. एवढी तोऱ्यात राहणारी माणसं मला जमत नाहीत.

१ मे

सगळा माल गजांसमोर धरून पाहिला. बहुतेक वळवळला. फार थोडे शाबूत निघाले. विकलेले परत घ्यायचं ठरवलं आहे. अप्पांना सांगितलं, ते फक्त "हां" म्हणाले, पण जेवताना त्यांनी स्वतःच्या ताटातली धपाट्याची चतकोर माझ्या ताटात टाकली. असं ते कधी करत नाहीत.

दिवसभर सायकलवरून गिऱ्हाइकं शोधत फिरलो. काहींनी हसून दिला, काहींनी चिडून. तो वरातीचा नवरदेव देईना. त्याची बायको आतून म्हणाली, "द्या की ओ. तुमचं तोंड बघून मी होकार दिलाय, चष्मा बघून न्हाई." त्यानं मुकाट्यानं काढून दिला.

आज पहिल्यांदा मीही एक घातला. करडा, शाबूत निघालेल्यांतला. गंजातून चालत आलो. कुणी काही म्हणालं नाही. एका अडत्यानं फक्त विचारलं, डोळे आलेत का.

४ मे

पुन्हा नांदेडला गेलो. नवा माल तिथूनच घ्यायचा ठरला आहे, त्यामुळं जावं लागणारच होतं. अव्वानं गुरुपादप्पांसाठी शेंगदाण्याच्या पोळ्या दिल्या. परत आल्यावर विचारलं, "पोरीनं खाल्ली का? उंचीला कशी हाय ती?" म्हणालो, माझ्या खांद्याच्या जरा वर. अव्वाला हल्ली चष्म्याच्या धंद्यात फार रस वाटू लागला आहे.

८ मे

एक अडचण आली आहे. शिवगंगानं बजावलं होतं, धूळ बसलेली काच कोरडी पुसायची नाही, चरे पडतात. आधी पाण्यानं धुवायची. पण इथं पिण्याला पाणी नाही. मी वाटीभर मागितलं तर अव्वा म्हणाली, "चष्मे तहानेनं मेले तरी चालतील."

विचार करता करता सायकलच्या पंपाकडं लक्ष गेलं. पंपानं हवा मारली की धूळ उडून जाते, मग जुन्या धोतराच्या मलमलीनं टिपायचं. काच स्वच्छ, चरा नाही.

११ मे

नांदेडला जावं लागलं. स्क्रू संपले होते. लातुरात घड्याळजींकडं मिळतात, पण तसले नाहीत. शिवगंगाला पंपाचं सांगितलं. ती हातातली काच खाली ठेवून म्हणाली, "हे मला सुचलं नसतं."

नंतर चहा घेताना पुन्हा म्हणाली, बाबा, हे मला सुचलं नसतं. बसमध्ये बसल्यावर मला ते सारखं आठवत होतं. धंद्यात जाणकार माणसानं पावती दिली की हुरूप येतो, तेवढंच.

१५ मे, बसवजयंती

मिरवणूक झाली. शेषेरावला तपकिरी पोलरॉइड दिला, तो घ्यायला तयार नव्हता. म्हणाला, तुमी माझ्यासंगं टँकरात बसा, मग घालतो. मी बसलो. रेणापूरचा रस्ता, भर दुपार, टपावर अंडं ठेवलं तर शिजावं. त्यानं आधी गॉगल न घालता चालवला, मग घालून. थोडं पुढं गेल्यावर त्यानं एकदम वेग कमी केला. मला भीती वाटली, काय झालं विचारलं.

"इतके दिस म्होरचा रस्ता पाण्यावानी चमकायचा शेठ," तो म्हणाला. "सारखं वाटायचं, फुडं पाणी हाय. आता चमकंना. बरं झालं. मागं टाकीत हाय तेवढंच खरं."

गावात पोचलो तेव्हा बाया रांगेत होत्या. शेषेरावनं नळी सोडली, मला म्हणाला, धरा. तासभर मी घागरी भरत होतो. शर्ट भिजला, इतकं छान बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. हे शिवगंगाला सांगायला हवं. तिला गिऱ्हाइकाचा अनुभव उपयोगी पडेल.

१९ मे

आज अव्वानं कमाल केली. आमच्या गल्लीत टँकर दुपारी येतो, बाया उन्हात डोळे बारीक करून उभ्या असतात. अव्वा म्हणाली, मला एक दे. हलका दिला, फिकट करड्या काचांचा. नऊवारी, डोक्यावर पदर, काखेत घागर आणि डोळ्यांवर गॉगल! शेजारच्या नीलाबाई हसून हसून रांगेतून बाहेर पडल्या. अव्वा जागची हलली नाही. म्हणाली, "नीलाबाई, तुझी जागा गेली बघ."

संध्याकाळी नीलाबाई दुकानात आल्या. पाठोपाठ आणखी चार-पाच जणी. मी प्रत्येकीला मान खाली घालून कमरेवर घागर घेतल्यासारखं उभं राहायला लावलं. घसरला की दुसरा. अप्पा तराजूमागं बसून बघत होते. खोकला आला म्हणून तोंडावर उपरणं धरलं, पण खोकल्याचा आवाज आला नाही.

टँकरवाल्यांना अजून तो टोपीवाला म्हाताराच पाठवतो आहे. एकदा भेटून आभार मानायला हवेत. अप्पांना विचारलं, तुमच्या ओळखीचा आहे का, तर म्हणाले, लातुरात टोपीवाले ढिगानं हायेत.

२३ मे

जिल्हा झाल्यावरची पहिली सायकल शर्यत येत्या रविवारी आहे, लातूर ते रेणापूर आणि परत. तालीम मंडळानं मला विचारलं, डोळ्यांत फुफाटा जाऊ नये असं काही देता का. नांदेडहून खेळाचे गॉगल आणले होते, पण पट्टे आखूड पडले. अव्वाचं इलॅस्टिकचं सगळं रीळ संपवलं.

शर्यतीत माझंही नाव दिलं आहे. शिवगंगाचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही, स्वतः घातलाय का म्हणून. गुरुपादप्पांना शर्यतीचं बोललो होतो, तर ते म्हणाले, आम्हीही येतो, दुकान बघायचं आहेच. अप्पांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी अडतीला चुना लावून घेतला. अव्वा डाळ निवडत बसली आहे. दुकान तपासायला माणसं येणार म्हणून एवढी धावपळ मी पहिल्यांदा बघतो आहे. मला मात्र एकच धास्ती. मालात तिला खोट सापडली तर?

२९ मे, रविवार

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर गडबड होईल.

शर्यत सकाळी थंडाव्यात सुटणार होती. झेंडी दाखवणारे पाहुणे उशिरा आले, तोवर ऊन डोक्यावर. मी सगळ्यात मागं. रेणापूरच्या अलीकडं वावटळ उठली, रस्ता दिसेनासा झाला. पट्टा न बांधलेले बरेच जण उतरून डोळे चोळू लागले. मी डोळे उघडे ठेवून त्यांच्यामधून निघालो आणि एकदम लक्षात आलं की माझ्यापुढं फार थोडे उरले आहेत. जन्मात कधी पहिल्या निम्म्यांत नव्हतो. परतताना शेषेरावचा टँकर कडेला उभा होता. त्यानं हॉर्न दिला तो थांबवलाच नाही. शेवटी चेन निघाली म्हणून सातवा आलो. सातवा! पहिला आलेला पोरगाही आमचाच गॉगल लावून होता.

गंजाच्या तोंडाशी अप्पा, गुरुपादप्पा आणि शिवगंगा उभे होते. मी धुळीनं पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखा, फक्त डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल. शिवगंगा माझ्याकडं बघून हसली. पहिल्यांदाच. मी पंक्चर बघायच्या निमित्तानं खाली वाकलो.

अव्वाचं पुरणपोळीचं जेवण झालं. मग मी दुकान दाखवायला नेलं. ती एकटीच आली, बाकीचे घरात बोलत बसले. तिनं एकेक खोकं उघडलं, काही काचा प्रकाशात धरल्या, खोट काढली नाही. मग म्हणाली, मला रोजच्या वापराला एक निवडून द्या, मी सांगणार काही नाही.

मी हलकी तपकिरी फ्रेम काढली. काड्या जरा वाकवून दिल्या, कारण तिचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर आहे. तिनं विचारलं, तुम्हाला कसं माहीत? म्हणालो, चष्म्याच्या धंद्यात बघावं लागतं. घातला, मान खाली घातली. घसरला नाही.

मग तिनं जरा घसा साफ केला. "एक विचारायचं आहे. मी इथं आले तर या दुकानात माझं टेबल असेल का? का मी आत स्वयंपाकच बघायचा?"

मला फार आनंद झाला. एवढी तयार बाई आपल्या दुकानात नोकरीला यायचं म्हणते! मी म्हणालो, टेबल नक्की असेल. फक्त पगाराचं अप्पांना विचारावं लागेल.

तिनं गॉगल नाकावरून खाली ओढून माझ्याकडं बघितलं. "पगार नको," म्हणाली. "भागीदारी हवी. निम्मी-निम्मी."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"किती दिवस?"

मला वाटलं, असा भागीदार हातचा जाऊ द्यायचा नाही. म्हणालो, आत्ताच विचारून येतो. तसाच घरात गेलो आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "अप्पा, शिवगंगाबाई आपल्या धंद्यात निम्मी भागीदारी मागतायत. माझी हरकत नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग गुरुपादप्पा म्हणाले, "मग आता तारीख काढायला हरकत नाही."

मी म्हणालो, "तारीख कशाला, मार्चअखेर तर होऊन गेला."

यावर अप्पा हसले. मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नाही. टोपी मांडीवर पडली, डोळ्यांत पाणी आलं, गुरुपादप्पांच्या खांद्याला धरून हसत राहिले. अव्वानं पदर तोंडात धरला होता, तरी ती हलत होती. शेवटी तीच म्हणाली, "बसवंता, लोक पोरगी बघायला जातात. आपल्याकडं पोरगी येऊन दुकान बघून गेली, एवढंच झालंय."

माझे कान तापले. नांदेडच्या एवढ्या फेऱ्या, शेंगदाण्याच्या पोळ्या, धुतलेला सदरा, सगळं एकदम डोक्यात फिरू लागलं. हरकत नाही असं मी सगळ्यांसमोर म्हणून बसलो होतो. आणि खरंच, मनात कितीही शोधलं तरी हरकत सापडेना.

मागं वळलो. शिवगंगा दारात उभी होती, मी दिलेला गॉगल घालून. तोंडातून निघालं ते दुकानदाराचंच निघालं, की घरात, सावलीत गॉगल घालू नये.

"मुद्दाम घातलाय," ती म्हणाली. "मी कुठं बघतेय ते तुम्हाला दिसू नये म्हणून."

मी म्हणालो, "आता दिसलं तर चालंल."

तिनं गॉगल काढला.